धुराड्याची खंडेनवमी

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करायची असते, आणि अरुणाबाईंनी एवढंच केलं होतं. पुढे जे घडलं त्यात आपला काडीइतकाही दोष नाही, असं त्या आजही टोकियोच्या ओजिमा वस्तीत भेटेल त्याला सांगतात. आणि ओजिमात आपली माणसं इतकी झालीत की दूध आणायला खाली उतरलं तरी सांगायला दोघंतिघं भेटतातच.

आता टोकियोतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात हत्यारं म्हणजे कोणती? तलवार नाही, कोयता नाही, विळीसुद्धा विमानात नको म्हणून पुण्याला राहिलेली. मग अरुणाबाईंनी पाटावर मुलाचा जुना लॅपटॉप मांडला, भाताचा कुकर मांडला, सुनेची बॅटरीची सायकल लिफ्टमध्ये मावेना म्हणून तिची नुसती किल्ली मांडली, आणि सगळ्यांत पुढे, मानाच्या जागी, नवऱ्याचं धुराडं.

धुराडं हे नाव त्यांनीच ठेवलेलं. मुलगा पुष्कर त्याला व्हेप म्हणे. मुठीत मावेल एवढा काळा डबा, वर तोंडात धरायची नळी, एका अंगाला पोस्टाच्या तिकिटाएवढा पडदा आणि त्याखाली बटणं. पोटात अंगठ्याएवढा निळा सेल. बटण दाबलं की वरच्या भांड्यातली तार तापायची, तारेभोवतीच्या कापसातला रस उकळायचा आणि भानुदासरावांच्या नाकातोंडातून ढग निघायचे. रसात तंबाखू नाही, निकोटिन नाही, नुसता वेलदोड्याचा वास. म्हणजे माणूस दिसायचा इंजिनासारखा आणि वास यायचा खिरीचा.

हा प्रकार घरात आला तो नाइलाजाने. जूनमध्ये भानुदासरावांच्या छातीत कळ आली, रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या बसवाव्या लागल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं, "आजोबा, आता एक सिगारेट जरी ओढलीत तरी पुढचं मी बघणार नाही." अठ्ठेचाळीस वर्षांची सवय. सोडतो म्हणाले आणि दवाखान्याच्या जिन्यातच एक ओढली. पुष्करने दोघांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं, हे यंत्र हातात दिलं, आणि काय आश्चर्य, त्या दिवसापासून सिगारेट बंद. अरुणाबाई रोज कॅलेंडरवर कुंकवाची एक रेघ ओढत. खंडेनवमीला एकेचाळीस रेघा झाल्या होत्या.

त्या रेघा त्या मोठ्या तोऱ्याने लोकांना दाखवत. पण नवरा बाथरूममध्ये जरा रेंगाळला की दाराबाहेर उभ्या राहून खाकरत, आणि आतून उलट खाकरल्याचा आवाज येईपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला असे, हे त्या कुणाला सांगत नसत.

तर ज्या यंत्राने कुंकू राखलं त्याला कुंकू लावायचं नाही तर कुणाला? पण वरवर बोट टेकवून मोकळी होणारी बाई ती नव्हे. देवळाच्या दाराला गंध लावायचं आणि देवाला कोरडं ठेवायचं, ही कुठली रीत? पुष्कर सेल कसा बदलतो ते त्यांनी पाहिलं होतं. झाकण सरकवलं, आत यंत्राचा जीव बसला होता, त्याच्या डोक्यावर ओलं हळदकुंकू रीतसर भरलं, चार अक्षता टाकल्या, झाकण लावलं आणि निरांजन ओवाळलं.

दुपारी चहानंतर भानुदासरावांनी गॅलरीत उभं राहून बटण दाबलं. ढग नाही. वास नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरं दोनदा लुकलुकली आणि काळोख झाला.

"अगं, हे बॅटरी तपासा म्हणतंय."

"मग तपासा."

"मी? मला त्यातलं काय कळतंय?"

"छत्तीस वर्षं कचेरीत काय पंखे मोजलेत?" अरुणाबाई म्हणाल्या आणि यंत्र हातातून काढून घेतलं. बोलणं नेहमीचंच होतं, पण त्यांचं लक्ष नवऱ्याच्या नजरेकडे होतं. ती नजर गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरून समोरच्या कोंबिनीच्या दारावर जाऊन टेकली होती. कोंबिनी म्हणजे चोवीस तास उघडं दुकान. तिथे भाताचे गोळे मिळतात, छत्र्या मिळतात, आणि गल्ल्याच्या मागे भिंतभर सिगारेटी.

अरुणाबाईंनी त्यांना बखोटीला धरून आत आणलं.

पुष्कर कामासाठी सेंदाई शहराला गेलेला, येणार शनिवारी. त्याला फोन लावला तर तो कपाटात कोंडल्यासारखा कुजबुजला. "आई, मीटिंग आहे. बटण पाच वेळा पटपट दाब. बंद-चालू होईल."

अरुणाबाईंनी पाच वेळा दाबलं. काही नाही. कदाचित मोजणी चुकली असेल म्हणून पुन्हा पाच, मग देवाचं नाव घेऊन अकरा.

"आई, राहू दे. आता हात लावू नकोस त्याला. मी येतो शनिवारी."

हात लावू नकोस! चौथी शिकलेल्या आईला दोन परीक्षा पास झालेला मुलगा हात लावू नकोस म्हणतो. ज्या बाईने स्टोव्हची पिन वाकवून पंधरा वर्षं स्टोव्ह चालवला, जिने मिस्तरीला हाकलून पाण्याची मोटर स्वतः उघडली (ती पुढे चालली नाही, ही गोष्ट वेगळी; ती मुळातच सुमार होती), तिला! अरुणाबाईंनी फोन ठेवला आणि पदर खोचला.

तेवढ्यात पाचव्या मजल्यावरची प्रणिता हळदीकुंकवाला आली. पोरगी गुणी, पण मोबाइलमधून जगभरची संकटं वेचून आणायची तिला हौस. पाटावरचं झाकण सरकवलेलं धुराडं पाहून ती दारातच थबकली.

"काकू, हे बंद पडलंय? आणि तुम्ही ते उघडलंत? अहो, फुटतात ह्या बॅटऱ्या!"

"फुटतात म्हणजे? नारळासारख्या?"

प्रणिताने मोबाइल काढला. एका माणसाच्या खिशातून जाळ निघाला आणि तो दुकानात नाचत सुटला. दुसऱ्याची उशी पेटली. तिसरा यंत्र तोंडाला लावतो न लावतो तोच चित्र पांढरं झालं. अरुणाबाईंनी असे अकरा प्रकार पाहिले. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही, फक्त प्रणिताच्या कपाळाला लावायचं कुंकू तिच्या नाकावर लागलं.

ती गेल्यावर त्यांनी घराकडे नव्याने पाहिलं. लाकडी जमीन. कागदी दारं. कापसाच्या गाद्या. हे घर आहे की होळी? त्यांनी धुराडं सुपात घेतलं, हात होईल तेवढा लांब धरला, गॅलरीच्या पार टोकाला नेऊन ठेवलं आणि त्यावर पुण्याहून आणलेली बिडाची कढई पालथी घातली. वर पाट. पाटावर पाच किलो तांदळाची पिशवी. फुटायचंच असेल तर आता तांदूळ उचलून फुटेल.

संध्याकाळी सून तन्वी कामावरून आली. तांदूळ गॅलरीत का, असं तिने विचारलं. "ऊन दाखवतेय," अरुणाबाई म्हणाल्या. बाहेर अंधार पडला होता. तन्वी शहाणी, पुढे विचारलं नाही.

आणखी एक बंदोबस्त राहिला होता. भानुदासराव टीव्हीसमोर बसले असताना अरुणाबाईंनी त्यांचे बूट आणि चपला उचलल्या, मोठ्या बॅगेत भरल्या आणि कुलूप घातलं. अनवाणी माणूस कोंबिनीत जाणार नाही. गेला तरी हे लोक त्याला आत घेणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी दहाला दार वाजलं. इमारतीचे देखरेखदार ओनोदेरा-सान (सान म्हणजे आपलं राव), महिन्यातून एकदा आगीची उपकरणं तपासायला येत ते. सत्तरीचे, सडपातळ, डोक्यावर टोपी, हातात पाटीला लावलेले कागद. ते वाकले, बूट काढून आत आले, गॅलरीत गेले आणि तांदळाच्या पिशवीपाशी उभे राहून त्यांनी तोंडाने दमेकऱ्यासारखी हवा आत ओढली. इथली माणसं "नाही" म्हणण्याआधी अशी हवा ओढतात, एवढं अरुणाबाईंना आता कळू लागलं होतं.

अरुणाबाईंनी मांडलेला ढीग बरोबर संकटकाळी खाली उतरायच्या झडपेवर होता. आग लागली तर पळायची ती वाट. म्हणजे फुटेल या भीतीने जे जिथे ठेवलं, तिथूनच पळायचं होतं. ओनोदेरा-साननी पिशवी उतरवली, पाट उतरवला, कढई उचलली. खाली धुराडं. कपाळी कुंकू, वर झेंडू, भोवती अक्षता.

 ओनोदेरा-साननी टोपी काढली, दोन्ही हात जोडले, धुराड्याला मनोभावे नमस्कार केला आणि कढई होती तशी अलगद पालथी घातली. त्यानंतर मोजपट्टी काढून त्यांनी दाखवलं, देव असला तरी साठ सेंटीमीटर डावीकडे सरकवावा लागेल. नियम आहे.

"बघा," अरुणाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "परका माणूस हात जोडतो, आणि घरच्यांना किंमत नाही."

 भानुदासराव सकाळपासून काही बोललेच नव्हते. टूथपिक चावत खुर्चीत बसले होते, आणि एक संपली की दुसरी घेत होते. हे बघून अरुणाबाईंना त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटली. बोलका माणूस गप्प झाला की समजावं, मनात कुठेतरी सौदा चाललाय.

अकराच्या सुमारास प्रणिताचे वडील राजीवराव सोनं द्यायला आले. आपटा इथे नाही, म्हणून त्यांनी रस्त्याकडेच्या गिंकोची दुफाळी पानं आणली होती. राजीवराव वीज मंडळातून निवृत्त, त्यामुळे विजेचं काहीही बिघडलं की आपला सल्ला विचारायला हवा असं त्यांना वाटे, आणि कुणी विचारला नाही तरी ते देत. स्वतः दिवसाला सात सिगारेटी ओढत; तेवढ्यासाठी अरुणाबाई त्यांना घरात टेकू देत नसत. पण आज गरज होती.

"वहिनी, दाखवा बरं." कढईखालून काढलेलं धुराडं त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. झाकण सरकवलं. "अहो, हा काँटॅक्ट तर पार माखलाय! लाल पिवळं काय आहे हे?"

"प्रसाद," अरुणाबाई म्हणाल्या.

"हा प्रसाद विजेला चालत नाही. टोकाला घाण बसली की वीज पुढे सरकत नाही. स्वच्छ करा, विषय संपला."

विषय तिथे संपला असता. पण राजीवरावांनी "कशाने" ते सांगितलं नाही, आणि स्वच्छ करायचं म्हटलं की अरुणाबाईंना एकच गोष्ट माहीत. देवाची तांब्यापितळेची भांडी आयुष्यभर चिंच-मिठाने घासली. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन वाटीभर चिंच कोळली, सेल हातात घेतला आणि अंगठ्याने असा घासला की निरांजन लाजलं असतं. घासता घासता निळ्या प्लास्टिकची कड सुटली. अरुणाबाईंना हसू आलं. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक न काढणारी घरं त्यांनी पुष्कळ बघितली होती. खुद्द राजीवरावांच्या मोबाइलच्या पाठीवर अजून होतं. त्यांनी नखाने टोक धरलं आणि केळं सोलावं तसं ते सबंध सोलून काढलं. आतून सेल चांदीसारखा चकचकीत निघाला. पुसला, आत घातला, झाकण लावलं.

पडदा उजळला!

अरुणाबाईंनी दिग्विजयी मुद्रेने पदराने डबा पुसायला घेतला. पडद्यावर आकडा होता बारा. आकडे त्यांना येत होते. मोबाइलवर बारा म्हणजे अर्धमेला, एवढंही येत होतं. पण आता बघतात तर काय, पदराखाली कुठलंसं बटण दाबलं जात होतं आणि आकडा चढत होता. वीस. पस्तीस. साठ. यंत्र अंगावर मांस धरत होतं! ऐंशीला तो थांबला तेव्हा त्यांनी समाधानाने यंत्र नवऱ्याच्या हातात दिलं.

"घ्या. भरली बॅटरी. ओढा."

बिचाऱ्या बाईला कोण सांगणार, की तो आकडा बॅटरी किती भरली त्याचा नव्हता, तार किती तापवायची त्याचा होता. बारावर मंद आच. ऐंशीवर भट्टी.

भानुदासरावांनी कालपासूनची तहान एका दमात ओढली. भांड्यात चर्र झालं. जळक्या कापसाचा काळपट ढग निघाला, आणि त्या ढगाच्या आत भानुदासराव दिसेनासे झाले. नुसता खोकला ऐकू येत होता. मग खोकलाही थांबला. ढग विरला तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले होते, डोळे मिटलेले, आणि डावा हात छातीवर.

अरुणाबाईंचं तोंड उघडलं, पण ज्या तोंडाला अख्खी सोसायटी वचकून असायची त्यातून आवाज निघेना. त्यांनी फोन घेतला. एक, एक, नऊ, रुग्णवाहिकेचे एवढे तीन आकडे दाबायचे होते. बोट पडद्यावर टेकेना. टेकलं की घसरे. चार वेळा सहा दाबला गेला. मी मारलं, मी माझ्या हाताने मारलं, एवढंच डोक्यात.

"पाणी," भानुदासराव म्हणाले. "अगं, पाणी दे. घशात मिरच्यांची धुरी गेलीय."

"आणि छातीवर हात?"

"चष्मा चाचपतोय. खिशात."

पाणी द्यायला अरुणाबाई वळल्या आणि तांब्या हातातून सुटला.

इकडे भानुदासरावांच्या हातून गळालेलं धुराडं राजीवरावांनी उचललं होतं आणि ते तापत चाललं होतं. त्यांनी ते पाटावर टाकलं, झाकण उघडून बघितलं आणि त्यांचा चेहरा गव्हाच्या पिठासारखा झाला.

"वहिनी! सेलचं वेष्टण कुठाय?"

"काढलं. घाण होतं."

"अहो, ते त्याचं कातडं! वेष्टणाशिवाय सेल बाहेरच्या धातूला टेकला की जाळच!" एवढं ज्ञान देऊन निवृत्त वीज अधिकारी दारापर्यंत मागे सरकले होते. अरुणाबाईंनी सांडशी उचलली. "धातू नको!" ते दारातून किंचाळले. "काहीही करा, धातू नको! मी खाली मोकळ्या जागेत थांबतो, कुणीतरी शुद्धीवर हवं!" आणि जिन्यावर त्यांची पावलं वाजली.

अरुणाबाईंनी नवऱ्याला आतल्या खोलीत ढकललं, कागदी दार लावलं (जणू ते काही अडवणार होतं), हाताला भाकरीचं जाड फडकं गुंडाळलं आणि धुराडं चौघडीवर उपडं केलं. सेल घरंगळत बाहेर आला. चिनी मातीची लोणच्याची बरणी रिकामी होती. लाकडी उलथन्याने ढकलत त्यांनी तो बरणीत घातला आणि मग तिथेच, ओल्या जमिनीवर, बसून राहिल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत कापत होते. दार बोटभर उघडं होतं आणि भानुदासराव त्या फटीतून बघत होते. पण हे अरुणाबाईंना तेव्हा ठाऊक नव्हतं.

बरणी फुटली नाही. पण आता ती टाकायची कुठे?

जपानात माणसाला मरणं सोपं, कचरा टाकणं अवघड. पुन्हा बोलावून आणलेल्या ओनोदेरा-साननी कचऱ्याचा तक्ता उलगडला. जळणारा मंगळवारी, बाटल्या बुधवारी, बॅटऱ्या दुकानातल्या पिवळ्या पेटीत. पण पेटीत फक्त धडक्या. सोललेल्या, तापलेल्या, चिंच लागलेल्या चालत नाहीत. त्यांनी दोन्ही हातांची फुली केली, हवा आत ओढली, आणि मग स्वतःच हातमोजे घालून सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली, पिशवीत घातला, पिशवी डब्यात, आणि डबा असा सुबक बांधून दिला की रुखवतात मांडावा. त्यावर पत्ता लिहिला. वॉर्डाच्या कचरा-कार्यालयात माणसाने स्वतः जाऊन द्यायचा. उद्या.

शुक्रवारी सकाळी अरुणाबाई डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसल्या. प्रणिता बरोबर आली, पण बसली चार रांगा मागे. बस खड्ड्यात गेली की अरुणाबाई डोळे मिटत. या देशात खड्डे नाहीत, म्हणून ब्रेक लागला की मिटत.

कार्यालयात एक तरुण अधिकारी होता. त्याने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि तितक्याच अदबीने एक फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, वस्तूचा प्रकार इथपर्यंत प्रणिताने निभावलं. मग आला रकाना: बॅटरी खराब होण्याचं कारण. प्रणिताचं जपानी तिथे संपलं. सेंदाईला फोन लागला.

"कारण काय लिहायचं, आई?" पुष्करने विचारलं. "काय झालं होतं? आणि तू तिथे काय करतेयस?"

अरुणाबाई ताठ बसल्या. खोटं बोलणं त्यांना जमण्यासारखं होतं, पण सरकारी कागदावर नको. "पूजा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सांग त्याला. पूजा केली. मग चिंच लावली. मग सोलली."

 मग पुष्करने अधिकाऱ्याला जपानीतून सांगायला सुरुवात केली. ते फार लांबलं. अधिकारी मान हलवत होता, मध्येच लिहिणं थांबवून बरणीएवढे डोळे करून अरुणाबाईंकडे बघत होता. शेवटी त्याने जागा पुरेना म्हणून कागदाच्या मागे लिहिलं, शिक्का मारला आणि उठून वाकला.

"काय लिहिलं रे त्याने?"

"धार्मिक विधीदरम्यान झालेला अपघात. जीवितहानी नाही," पुष्कर म्हणाला. "आई, बाबा बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय," अरुणाबाई म्हणाल्या, आणि फोन प्रणिताला दिला.

व्हेपचं दुकान स्टेशनमागे निघालं. मालकीणबाईचे केस निळे, ओठात बाळी. अरुणाबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि सून म्हणून मनातल्या मनात नापास केलं. पण त्या निळ्या बाईने धुराडं असं हाती घेतलं जसं सुईण मूल घेते. कापसाच्या काडीने खाचाखोचा साफ केल्या. काडीला लाल लागलं तशी ती दचकली. "रक्त?" तिने मोबाइलच्या भाषांतरातून विचारलं. "कुंकू," अरुणाबाई म्हणाल्या, आणि मोबाइलने त्याचं काय सांगितलं कोण जाणे, तिने आदराने ती काडी वेगळ्या कागदात गुंडाळली. नवी तार बसवली, नवा कापूस, नवा सेल. मग आकडा खाली आणून बारावर ठेवला, दोन बटणं एकदम दाबून धरली आणि पडद्यावर छोटं कुलूप उमटलं. आता पदर लागला तरी आकडा हलणार नाही.

अरुणाबाईंनी ते तिच्याकडून तीनदा करवून घेतलं आणि चौथ्यांदा स्वतः केलं. बारा. कुलूप. चौथी शिकलेल्या बाईने केलं.

घरी पोचल्या तेव्हा दार नुसतंच लोटलेलं होतं. खुर्ची रिकामी. गॅलरी रिकामी. त्यांनी बाथरूमबाहेर खाकरून बघितलं. आतून कुणी खाकरलं नाही.

बॅगेचं कुलूप शाबूत होतं. पण दारातल्या तन्वीच्या गुलाबी फुलाफुलांच्या सपाता गायब होत्या.

चार मजले अरुणाबाई लिफ्टची वाट न बघता उतरल्या. पासष्टी उलटल्यापासून त्या जिन्यात एका पायरीवर दोन्ही पाय टेकत असत. आज त्यांनी ते पायांना विचारलंच नाही. एकेचाळीस रेघा आणि वरच्या दोन, त्रेचाळीस. एका झुरक्यात पुसल्या जातील. पुसल्या जाऊ देत, रेघा मेल्या खड्ड्यात, फक्त माणूस उभा दिसू दे.

कोंबिनीच्या बाजूला राखेचा उभा डबा असतो, तिथे राजीवराव सिगारेट ओढत होते. आणि शेजारी, फुलाफुलांच्या सपातांत, भानुदासराव. उभे होते. एका हाताची मूठ तोंडाजवळ.

अरुणाबाई त्यांच्यापुढे जाऊन थांबल्या. धाप लागल्यामुळे शब्द फुटेना, म्हणून त्यांनी नुसतं धुराडं पुढे केलं.

"बारा," त्या शेवटी म्हणाल्या. "कुलूप लावलंय. नवा सेल. आता काही होत नाही. घ्या. ओढा."

"नको," भानुदासराव म्हणाले.

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी अरुणाबाईंना कधी ऐकवला नव्हता. राजीवराव एक पाऊल मागे सरले.

"नको म्हणजे? त्यांच्याकडची ओढलीत?"

"नाही. देत होते, नको म्हटलं."

"अहो वहिनी, खरंच," राजीवराव म्हणाले, "मी दोनदा—"

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला शुद्धीवर राहायचं असतं." त्या पुन्हा नवऱ्याकडे वळल्या. "का नको? दोन दिवस टूथपिका खाताय, मी जिवावर उदार होऊन वणवण करतेय, आणि नको?"

भानुदासराव सपातांच्या फुलांकडे बघत राहिले. "डॉक्टर बोलले, ते मी मनावर घेतलं नाही," ते म्हणाले. "डॉक्टर बोलतातच. पुष्कर बोलला, पोरं बोलतात. तू तर काय, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून बोलतेयस. पण काल तू खाली बसलीस ना, ओल्यात... तुझे हात कापत होते. तुला घाबरलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं गं. तेव्हा पहिल्यांदा कळलं, की मी खरंच मरू शकतो." ते थांबले. "तेव्हापासून इच्छाच होत नाही. हे नको नि ते नको."

रस्त्यावरून एक रिकामी बस गेली. अरुणाबाईंनी धुराडं पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली. ती लागायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला.

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं ऐकलं नव्हतं आणि त्यांना ते आवडलं होतं. अर्थात हे चेहऱ्यावर येऊ देणं शक्य नव्हतं. उद्यापासून सगळेच "नको" म्हणायला लागले तर घर चालायचं कसं?

"मी घाबरले?" त्या म्हणाल्या. "मी? गुडघा दुखत होता म्हणून बसले होते. आणि हात कापत होते ते रागाने. उगाच चार लोकांत काहीबाही बोलू नका. आणि मुठीत काय लपवलंय? दाखवा."

भानुदासरावांनी मूठ उघडली. काडीवरचं आइस्क्रीम होतं, अर्धं खाल्लेलं, हातावर वितळत आलेलं.

"साखर किती आहे तुमची, ठाऊक आहे? एकशे ब्याऐंशी!"

त्यांनी ते काढून घेतलं. आजूबाजूला कचऱ्याची पेटी नव्हती, आणि काडी वेगळी, कागद वेगळा, आइस्क्रीम वेगळं करून हा ऐवज कुठल्या वारी टाकायचा हे ओनोदेरा-साननाच ठाऊक. शिवाय अन्न टाकणं त्यांच्यात बसत नव्हतं. तेव्हा एका हाताने नवऱ्याची बाही घट्ट धरून, सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत, अरुणाबाईंनी भर रस्त्यात उभ्या राहून ते आइस्क्रीम स्वतःच संपवलं.